पॉइंट चारची दांडी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, संस्थेच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं टर्नर होते. संस्थेत त्यांना सगळे बारीकराव म्हणायचे. अंगाने बारीक, काम त्याहून बारीक, आणि आवाज तर इतका बारीक की लेथ चालू असताना ते काय बोलतात ते लेथलाच ठाऊक. मी त्याच संस्थेत स्टोअरकीपर होतो. ही नोकरी मला त्यांनीच चिकटवून दिली, हे ताई मला अजूनही महिन्यातून एकदा तरी ऐकवते.

त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की पहिल्यांदा राग येतो. इतका चांगला हात देवाने दिला होता, आणि तोंड मात्र द्यायचं राहून गेलं. घरात भाजी खारट झाली तरी हा माणूस पाणी पिऊन उठणार, पण मीठ जास्त झालंय म्हणणार नाही. ताई म्हणायची, "ह्यांच्याशी भांडायचं तर दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं." लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून तिने भांडणच सोडून दिलं.

वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर मॅडमची प्रयोगशाळा होती. मॅडम हेलियमवर काम करायच्या. फुग्यात भरतात तोच वायू, पण मॅडम तो इतका थंड करायच्या की त्याखाली थंडी म्हणून काही उरतच नाही. वर हवेच्या पंचवीस-तीस पट दाब द्यायच्या, तेव्हा कुठे तो बर्फासारखा घट्ट व्हायचा. हे मला कसं माहीत, तर मॅडमना शिकवायची खोड होती. चहाच्या खोलीत शिपाई असो की संचालक, समोर सापडला की त्याला हेलियम समजावून सांगणार.

एकदा त्यांनी दोन अंडी आणली, एक कच्चं आणि एक उकडलेलं. दोन्ही टेबलावर गरगरा फिरवली. उकडलेलं झकास फिरलं, कच्चं मात्र अडखळत राहिलं. "आतलं द्रव कवचाबरोबर फिरत नाही," त्या म्हणाल्या. "आता समजा, उकडलेलं अंडंसुद्धा कधीकधी कच्च्यासारखं वागलं तर? घट्ट आहे, कापता येतं, आणि तरी त्यातला थोडा भाग कवचाला न जुमानता जागच्या जागी उभा राहिला तर?" हेच त्यांना घट्ट हेलियममध्ये शोधायचं होतं. घट्टही आणि वाहणारंही. मी म्हणालो, "मॅडम, आमच्या संस्थेत अशी माणसं पुष्कळ आहेत." त्या मनापासून हसल्या होत्या.

प्रयोग सांगायला सोपा होता. बोटाच्या पेराएवढी एक डबी, ती एका बारीक दांडीला टांगलेली. डबीत घट्ट हेलियम. दांडीला पीळ देऊन सोडली की डबी इकडून तिकडे वळत राहते, सेकंदाला हजार वेळा. आतला हेलियम डबीबरोबर फिरला तर डबी जड, थोडा जरी मागे राहिला तर डबी हलकी. हलकी झाली की जरा जलद हलणार. जरा म्हणजे किती, तर दहा लाखात एखाद-दुसरा भाग. तेवढं मोजायचं म्हणजे दांडी अशी हवी की तिच्यात खोट नावाला नसावी.

ती दांडी भावोजींनी करायची होती. जाडी दोन मिलिमीटर, आणि तिच्या पोटातून आरपार एक भोक, कारण हेलियम डबीत भरायला दुसरी वाट नव्हती. भोक पॉइंट चार मिलिमीटरचं. धातू बेरिलियम घातलेलं तांबं. तो बाहेरून मागवावा लागायचा, यायला आठ-आठ महिने लागायचे. भावोजी चार दिवस त्या दांडीवर होते. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं भोक पाडत यायचं, दर अर्ध्या मिलिमीटरला ड्रिल बाहेर काढून पुसायचं, तेल लावायचं, पुन्हा आत. चौथ्या दिवशी दुपारी ड्रिल आत मोडलं. आवाजसुद्धा झाला नाही म्हणे. हाताला कळलं.

ते माझ्याकडे स्टोअरमध्ये आले. "आणखी एक कांडी आहे का रे त्या मटेरियलची?"

मी तेव्हा चहा पीत होतो. खुर्चीतून न उठता म्हणालो, "नाही. होती तेवढीच होती."

"बघतोस का एकदा?"

"भावोजी, माझं स्टोअर मला पाठ आहे."

ते गेले. त्या संध्याकाळी त्यांनी घरी तुरटी मागितली. ताईच्या दुधाच्या पातेल्यात तुरटीचं पाणी केलं आणि दांडी त्यात ठेवून पातेलं मंद आचेवर ठेवलं. तुरटीचं कडत पाणी पोलाद खातं, तांब्याला हात लावत नाही. जुन्या घड्याळवाल्यांची युक्ती. तीन दिवस ते पातेलं शेगडीवरून उतरलं नाही. ताईने दूध कुकरच्या भांड्यात तापवलं आणि तीन दिवस ऐकवलं. तिसऱ्या दिवशी मोडलेला तुकडा विरघळून गेला. दांडी वाचली, पण जिथे ड्रिल मोडलं होतं तिथे आतून ओरखडे पडले होते आणि दोन्ही बाजूंची भोकं नीट जुळत नव्हती. ते साफ करायला भोक मोठं करणं भाग होतं. करता करता ते पॉइंट आठचं झालं, म्हणजे बरोबर दुप्पट.

दांडी वर न्यायच्या आधी ते पुन्हा माझ्याकडे आले. कागदावर त्यांनी हिशेब केला होता. एवढ्या भोकाने दांडी शंभरात अडीच भाग मऊ पडणार, बस. डबी किंचित हळू हलेल, आणि मॅडम रिकाम्या डबीवर मोजून घेणारच आहेत. "तरी सांगायला पाहिजे," ते म्हणाले.

"कशाला?" मी म्हणालो. "रिकाम्या भोकाने कोणाचं काय बिघडलंय? सांगितलंत तर आठ महिने काम थांबणार, आणि मटेरियल एकच का मागवलं म्हणून माझी चामडी सोलतील ती वेगळीच. गप्प बसा."

हे शहाणपण मी शिकवलं. पुढे नऊ वर्षं मी त्यांनाच घुम्या म्हणत आलो, हे इथे कबूल केलेलं बरं.

तरी ते वर गेले होते. दांडी मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, "मिस्त्री, माझ्या आकडेमोडीवर नसेल एवढा माझा तुमच्या हातावर भरवसा आहे." भावोजी तसेच खाली आले. मॅडमनी ती मोजली नाही. भोकाच्या तोंडाशी दोन्हीकडे पॉइंट चारच्या नळीसाठी बुशिंग, म्हणजे बारीक कडी, बसवलेली होती; बाहेरून दिसायचं ते पॉइंट चारच, मोजणार तरी कुठे?

दोन वर्षांनी ती डबी जलद हलली. थंड करत नेली, अगदी शेवटच्या दशांश अंशाच्या खाली, आणि तिथे ती ठरल्यापेक्षा किंचित जलद हलू लागली. घट्ट हेलियमचा काही भाग मागे राहतोय, असा त्याचा अर्थ. मॅडमनी चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच. मग लेख छापून आला. लेखाच्या शेवटी आभार होते आणि त्यात भावोजींचं पूर्ण नाव होतं. ताईने त्या पानाची फोटोप्रत काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. दूरदूरची माणसं डबी बघायला येऊ लागली. मॅडम प्रत्येकाला वर्कशॉपमध्ये आणायच्या, "हे आमचे मिस्त्री" म्हणायच्या. भावोजी हात पुसत उभे राहायचे.

त्या काळात आम्ही सगळेच सुखात होतो. भोक दुप्पट आहे हे मी विसरूनही गेलो होतो. ते विसरले नव्हते. जेवता जेवता मधेच म्हणायचे, "काही नाही रे, रिकामं भोक." मी म्हणायचो, "मग झालं तर."

पण ते रिकामं नव्हतं. तिथेच आम्ही दोघं गाढव ठरलो. डबीत हेलियम त्याच वाटेने जात होता, म्हणजे डबी भरली की दांडीचं पोटही भरलेलं. आणि डबीतला घट्ट झाला की दांडीतलाही घट्ट. दांडीच्या आत हेलियमची एक बारीक दांडी. लोण्याहून फार कडक नसलेला तो पदार्थ तांब्याला काय आधार देणार, असं तेव्हा कोणालाही वाटलं असतं.

दांडी करून नववं वर्ष लागलं तेव्हा बातमी आली. दूरच्या कुठल्यातरी प्रयोगशाळेत कोणीतरी घट्ट हेलियम नुसता सरकवून पाहिला. डबी नाही, दांडी नाही, सरळ दाबून किती दाद देतो ते मोजलं. तर तो थंड होताना कडक होत जात होता. मॅडमनी चहाच्या खोलीत ते मला सतरंजीवर समजावलं. सतरंजी अख्खी ओढायची तर जोर लागतो. पण तिला एक सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे ढकलली की सतरंजी आपोआप सरकते. हेलियमच्या स्फटिकात अशा सुरकुत्या असतात, म्हणून तो मऊ. पण त्यात दुसऱ्या जातीच्या हेलियमचे चारदोन कण असतात, कोटीत दोन-चार. फार थंडीत ते त्या सुरकुत्यांवर जाऊन बसतात, खिळे ठोकल्यासारखे. मग सुरकुती हलत नाही आणि हेलियम कडक होतो. आणि ज्या थंडीत तो कडक होतो, नेमकी तीच थंडी मॅडमच्या डबीची.

"मग मॅडम?" मी विचारलं.

"मग लोक म्हणतात, काही वाहत-बिहत नाही. दांडीच्या भोकातला हेलियम कडक झाला, दांडी ताठ झाली, म्हणून डबी जलद हलली." त्यांनी कप खाली ठेवला. "मी हिशेब केलाय. भोक पॉइंट चारचं असेल तर हा परिणाम माझ्या आकड्याच्या सोळाव्या हिश्शाएवढाच येतो. ते भोक दुप्पट असतं तर गोष्ट वेगळी होती. दुप्पट भोक म्हणजे सोळापट परिणाम."

माझ्या हातातला चहा गार झाला. भावोजी शेजारीच बसले होते.

महिन्याभराने सभागृहात मॅडमचं व्याख्यान झालं. बाहेरचे लोक आले होते, विरोधातलेही होते. आम्ही दोघं शेवटच्या रांगेत. मॅडमनी फळ्यावर दांडीचं चित्र काढलं, आकडे मांडले. पुढच्या रांगेतून एकाने विचारलं, भोक तेवढंच आहे याची खात्री काय? मॅडम हसल्या. "ज्यांनी पाडलं तेच बसलेत. मिस्त्री, जरा उभे राहा. भोक केवढं?"

सगळी सभा मागे वळली. भावोजी उभे राहिले. मी त्यांच्या पँटची शिवण बघत होतो. वर बघायची हिंमत झाली नाही.

"पॉइंट चार," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज सभागृहाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. ताईला वाटलं पोट बिघडलंय, तिने डॉक्टर केला, डॉक्टरने गोळ्या दिल्या. तीन आठवडे गोळ्या खाल्ल्यावर एका सकाळी त्यांनी मला वर्कशॉपच्या दारात गाठलं. "मी वर चाललोय. येतोस?"

मी जिन्यापर्यंत गेलो, मग मॅडमच्या दारापर्यंत. आत गेलो नाही. दार उघडंच होतं.

"मॅडम, भोक पॉइंट आठचं आहे."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग मॅडमनी विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पाडलं तेव्हापासून."

"नऊ वर्षं?"

"होय."

"भोकाचं काही नाही हो मिस्त्री. भोक कोणाचंही चुकतं." मॅडमचा आवाज अजिबात चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "पण परवा मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं."

मग मॅडमनी विचारलं, "आणखी कोणाला माहीत होतं?"

मी दाराच्या चौकटीला हात लावून उभा होतो. आत पाऊल टाकायला दोन सेकंद पुरली असती.

"कोणाला नाही," भावोजी म्हणाले. "मी एकटाच."

मॅडमनी नवी दांडी त्यांच्याकडूनच करून घेतली. या वेळी दांडी भरीव, भोक नाहीच. हेलियमची नळी डबीला खालून. धातू यायला आठ महिने लागले. ते काम भावोजींनी असं केलं की तसं मी दुसरं पाहिलं नाही. सबंध काळात मॅडम त्यांच्याशी फक्त ड्रॉइंगवरचं बोलल्या, आणि "हे आमचे मिस्त्री" पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. पुढच्या वर्षी डबी थंड केली. शेवटच्या दशांश अंशाच्या खाली गेली, आणखी खाली गेली. काही झालं नाही. डबी जशी हलायची तशी हलत राहिली. मॅडमनी चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच.

मॅडमनी स्वतःच लेख लिहून आपला आधीचा निकाल मागे घेतला. त्यात लिहिलं होतं, दांडीतल्या छिद्राचा व्यास आधी दिला त्यापेक्षा मोठा आढळला. कोणी मोठा केला, केव्हा, एक अक्षर नाही. आभारात भावोजींचं नाव नव्हतं. मी त्यांना म्हणालो, तुम्हाला सांभाळलंय मॅडमनी. ते म्हणाले, "असेल."

प्रयोगशाळा बंद झाली. मॅडम कुठल्याशा कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला गेल्या. जाताना सगळ्या मजल्यावर निरोप घेतला, वर्कशॉपमध्ये आल्या नाहीत. भावोजी लेथवर एप्रन घालून दिवसभर थांबले होते. ताईने कपाटाच्या दारावरचा कागद एक दिवस ओल्या फडक्याने काढला. त्याचे डाग राहिले. बारीक काम सांगायला कोणी उरलं नाही, तेव्हा शेवटची दोन वर्षं भावोजींनी संस्थेतली कुलपं आणि खुर्च्या दुरुस्त केल्या. निवृत्त झाले तेव्हा उजवा हात कापायला लागला होता.

त्यानंतर वर्षभराने माझं स्टोअर दुसऱ्या इमारतीत हलवायचा हुकूम आला. मी वरच्या फळ्या रिकाम्या करत होतो. पितळी नळ्यांच्या मागे, मेणकागदात गुंडाळलेली एक कांडी सापडली. वर चिठ्ठी माझ्याच अक्षरात. बेरिलियम-तांबं, आलेली तारीख ड्रिल मोडलं त्याच्या आधीच्या महिन्यातली. एकाच खोक्यातून दोन कांड्या आल्या होत्या आणि दुसरी मीच वर ठेवली होती. स्टूल घेऊन वर बघायचं तेवढं बाकी होतं. मी तेव्हा चहा पीत होतो.

ती कांडी खिशात घालून मी ताईकडे गेलो. ताई बाहेर गेली होती. भावोजी खिडकीपाशी बसले होते. मी कांडी त्यांच्या हातात दिली. हात कापत होता, तरी कागद सोडवायच्या आत त्यांना वजनावरून कळलं. चिठ्ठी वाचली. तारीख पुन्हा वाचली.

"कुठे होती?"

"वरच्या फळीवर. नळ्यांच्या मागे."

त्यांनी नखाने कांडीवरून एकदा रेघ ओढली. "मटेरियल चांगलं आहे," म्हणाले. मी रडायला लागलो. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी मला शिव्या घालाव्यात, कांडी डोक्यात मारावी असं मला मनापासून वाटत होतं. जिन्यात ताईच्या चपला वाजल्या. त्यांनी कांडी पुन्हा कागदात गुंडाळली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाले, "तुझ्या ताईला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. मागच्या थंडीत ते गेले. मॅडमना मी पत्र टाकलं, ते पोचलं की नाही माहीत नाही. दिवस झाल्यावर ताई त्यांचा ड्रॉवर आवरत होती, मी समोर बसलो होतो. मायक्रोमीटर, भिंग, तेलाची कुपी असं एकेक काढून ती टेबलावर ठेवत होती.

"एक भोक धड पाडता आलं नाही माणसाला," ती म्हणाली. "आणि त्या एवढ्याशा भोकापायी एकटाच झुरत गेला. तू तर तिथेच होतास. तुला कधी काही बोलले नाहीत?"

"नाही," मी म्हणालो.

तिने मेणकागदाची गुंडाळी बाहेर काढली. चिठ्ठी बहुधा त्यांनीच फाडून टाकली होती. "हे काय आहे? ठेवायचंय का?"

"नको," मी म्हणालो. "भंगार आहे ते."

"मग जाताना घेऊन जा," ताई म्हणाली, आणि मी ती घेऊन आलो.